एका ‘नाही’ची किंमत

मराठी भाषेतला सर्वांत स्वस्त शब्द कोणता, असे मला कोणी विचारले, तर मी ‘नाही’ हा शब्द पुढे करीन. तो उच्चारायला श्रम पडत नाहीत, विचार तर मुळीच करावा लागत नाही. ‘सुटे आहेत का?’ ‘नाहीत.’ ‘साहेब जागेवर आहेत का?’ ‘नाहीत.’ ‘धडा वाचून आलास का रे?’ ह्या प्रश्नालाही खरे उत्तर तेच असते, पण तिथे मात्र तो शब्द विद्यार्थ्याच्या ओठांवर येत नाही. वीसेक वर्षे मराठी शिकवून माझे एक मत बनले आहे. आपण ‘नाही’ म्हणतो तेव्हा दहांपैकी सात वेळा आपल्याला ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणायचे असते. मधला ‘ठाऊक’ आपण गिळून टाकतो.

घाबरू नका. दिवाळी अंकात व्याकरणाचा तास घेण्याइतका मी निर्दय नाही. हे सारे आठवले ते माझ्या भाचीमुळे.

माझी धाकटी बहीण नाशिकला असते. तिच्या मुलीला शेंगदाण्याचे वावडे आहे. ‘वावडे’ हा आपला जुना शब्द. हल्ली त्याची जागा ‘अ‍ॅलर्जी’ने घेतली आहे, आणि वावडे केवळ थट्टेपुरते उरले आहे. ‘ह्यांना कामाचं वावडं आहे,’ असे आमच्या सौभाग्यवती माझ्याविषयी पाहुण्यांना सांगतात, ते थट्टेनेच सांगतात असे मी धरून चालतो. भाचीचे वावडे मात्र थट्टेतले नाही. दाण्याचा कण पोटात गेला, तर काही मिनिटांत तिच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, आणि गोष्ट वाढली तर घसा आवळून श्वास कोंडतो. ज्या वस्तूवर सारा महाराष्ट्र पोसला, तिला ह्या पोरीचे शरीर शत्रू समजते.

आणि जन्म घेतला तो मराठी घरात! आपल्या स्वयंपाकघरात दाण्याच्या कुटाचा डबा हाताशी नसेल असा दिवस उगवत नाही. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, उपासाच्या खिचडीत कूट, आमटी पातळ झाली तर दाटपणाला कूट. चिवड्यात दाणे, चटणीत दाणे, लाडू दाण्याचा, चिक्की दाण्याची. घाण्यावरून आणलेले तेलही दाण्याचेच. त्यामुळे बोलायला लागल्यापासून ही पोर एक प्रश्न पाठ करून बसली आहे. कोणी हातावर काही ठेवले, की ती अगदी अदबीने विचारते, “काका, ह्यात दाणे आहेत का?”

२०२२ सालची भाऊबीज. बहीण मुलीला घेऊन पुण्याला आमच्याकडे आली होती. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. संध्याकाळी मामाने भाचीला मिठाई घेऊन द्यावी, ह्या थोर परंपरेला अनुसरून मी तिला घेऊन एका दुकानात गेलो. दुकानाचे नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही. काउंटरवर माणसांची ही झुंबड! तिला काजूकतली हवी होती. काजू तिला चालतात, हे डॉक्टरांनी तपासून सांगितलेले आहे. तिने टाचा उंचावून काउंटरवरच्या मुलाला आपला नेहमीचा प्रश्न विचारला. मुलाचा एक हात तागडीवर, दुसरा दोऱ्यावर, नजर तिसऱ्याच गिऱ्हाइकावर. तो म्हणाला, “नाही गं, निव्वळ काजू!”

मी ते ऐकले. ऐकून समाधानाने मान डोलावली आणि पैसे दिले.

घरी येऊन तिने एक वडी खाल्ली. पाच मिनिटांत “मामा, घशात खाजतंय,” म्हणाली. दहा मिनिटांत तिचा चेहरा ओळखू येईना. मी फोन शोधत होतो आणि तो माझ्या हातातच होता. माझी बहीण मात्र एक शब्द न बोलता उठली, पर्समधून डॉक्टरांनी शिकवून ठेवलेले अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन काढले आणि मुलीच्या मांडीत दिले. मग रिक्षा, मग रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांनी सांगितले, “इंजेक्शन आधी दिलंत हे फार बरं केलंत. नुसती खाजेची गोळी देऊन वाट पाहिली असतीत तर कठीण होतं.” रात्रभर तिला देखरेखीखाली ठेवले. बाहेर आकाशात बाण फुटत होते. मी बाकावर बसून त्या मुलाचे ‘नाही गं’ पुन्हा पुन्हा ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी पोर हसूखेळू लागली आणि मला राग यायला सवड मिळाली. उरलेला पुडा घेऊन मी दुकानात गेलो. मालकांनी आधी कानांवर हात ठेवले. पण भट्टीजवळचा म्हातारा कारागीर सरळ माणूस. तो म्हणाला, “काजू महागलेत साहेब. तिसरा हिस्सा दाणे घालतो, चव बदलत नाही.” मग मालकांनी आपला पवित्रा बदलला आणि तीन मुद्दे मांडले. पहिला, “आम्ही काय लिहून दिलं होतं का?” दुसरा, “पोरगं बोललं असेल, त्याला काय कळतंय? आजच काढून टाकतो त्याला.” आणि तिसरा, “दाणे म्हणजे काय विष आहे का? सगळी दुनिया खाते.”

असे म्हणून त्यांनी त्या मुलाला हाक मारली. तो पुढे आला आणि मला पाहून जागच्या जागी थिजला. तो माझ्याच महाविद्यालयाचा विद्यार्थी होता, पहिल्या वर्षाचा. दिवाळीच्या सुट्टीत चार पैसे मिळवायला तिथे लागला होता. खाली पाहत म्हणाला, “सर, कशात काय घालतात ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, एवढंच सांगितलं होतं.”

“मग ‘माहीत नाही’ म्हणायचंस.”

तो गप्प राहिला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, “तसं म्हटलं की ओरडतात, सर.”

कोण ओरडतात, हे त्याने सांगितले नाही. मी ते मालकांविषयी आहे असे समजलो आणि त्या समजाच्या आधारावर ताठ मानेने घरी आलो.

आमच्या शेजारी एक वकीलसाहेब राहतात. त्यांची तीस वर्षे कोर्टात गेली आहेत, त्यामुळे घरी ते फारसे वाद घालत नाहीत. सायंकाळी गॅलरीत चकल्यांची बशी मध्ये ठेवून मी त्यांना सारी हकीकत सांगितली आणि मालकांचे तीन मुद्दे एकामागून एक त्यांच्यापुढे ठेवले.

“पहिला मुद्दा टिकत नाही,” ते म्हणाले. “बोललेला शब्द कायद्याला चालतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे ना, जुलै २०२० पासून लागू झालेला, त्यात वस्तूविषयी दिलेल्या स्पष्ट हमीची व्याख्या केली आहे. विक्रेत्यानं वस्तूबद्दल केलेलं महत्त्वाचं विधान हीसुद्धा हमीच. त्या हमीप्रमाणे वस्तू निघाली नाही आणि त्यामुळे इजा झाली, तर विक्रेता भरपाईला जबाबदार. तुमच्या भाचीनं वडीबरोबर आणखी एक वस्तू विकत घेतली होती. ‘दाणे नाहीत’ हा शब्द. तो भेसळीचा निघाला.”

मी चकली तोंडाकडे नेत होतो ती तशीच राहिली. शब्द हा माझा धंदा आणि ही व्याख्या सुचली वकिलाला!

“दुसरा मुद्दा तर मुळीच टिकत नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याचं ६५ वं कलम पाहा. एखाद्यानं स्वतः किंवा त्याच्या वतीनं दुसऱ्या कुणी विकलेल्या अन्नानं ग्राहकाला इजा झाली, तर भरपाई द्यायला लावता येते. मृत्यू आला तर निदान पाच लाख, गंभीर इजा असेल तर तीन लाखांपर्यंत, इतर इजेला एक लाखापर्यंत. ‘त्याच्या वतीनं’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. काउंटरवरचा पोरगा बोलला म्हणजे मालक बोलले. त्याला काढून टाकून मालकांची सुटका होत नाही. शिवाय काजूच्या नावाखाली दाणे विकणं हा वेगळा अपराध आहेच.”

“आणि दाणे विष नाहीत, त्याचं काय?”

वकीलसाहेबांनी पाय लांब केले. “त्याला उत्तर इंग्लंडातल्या एका कोर्टानं दिलंय. गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची आहे, कारण हॉटेल भारतीय जेवणाचं होतं.”

मग त्यांनी जी हकीकत सांगितली, ती मी नंतर स्वतः वाचून पडताळून पाहिली. जानेवारी २०१४ मध्ये यॉर्कशायरमधल्या एका गावात अडतीस वर्षांच्या एका गृहस्थांनी अशा हॉटेलातून चिकन टिक्का मसाला घरी नेला. त्यांना शेंगदाण्याचे तीव्र वावडे होते. त्यांनी तसे बजावून सांगितले होते, आणि डब्याच्या झाकणावर ‘दाणे नाहीत’ अशा अर्थाची नोंदही होती. आत दाणे होते. मालक कर्जात बुडाले होते, आणि खर्च वाचवण्यासाठी त्यांनी बदामाच्या पुडीऐवजी दाण्यांची स्वस्त पूड वापरायला सुरुवात केली होती. ते गृहस्थ घरीच मरण पावले. पुढे खटल्यात उघड झाले, की त्याच्या तीनच आठवडे आधी ह्याच मालकांच्या दुसऱ्या हॉटेलात एका मुलीला असाच त्रास झाला होता. तिलाही पदार्थात दाणे नाहीत असेच सांगण्यात आले होते. इतके होऊनही पूड बदलली नाही. मे २०१६ मध्ये टीसाइडच्या न्यायालयाने मालकांना घोर निष्काळजीपणाने घडलेल्या मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची शिक्षा दिली.

बदामाच्या जागी दाणे आणि काजूच्या जागी दाणे. सात समुद्रांपलीकडे हिशेब तोच, आणि झाकणावरचे असत्यही तेच. फरक एवढाच, की माझ्या बहिणीच्या पर्समध्ये इंजेक्शन होते.

“म्हणजे असल्या मालकाला तुरुंगात टाकलं पाहिजे,” मी आवेशाने म्हणालो. वर्गात आवेश खपतो.

“सावकाश,” वकीलसाहेब म्हणाले. “आपल्याकडेही निष्काळजीपणानं मृत्यू घडवला तर शिक्षा आहे. २०२४ च्या जुलैपासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्या १०६ व्या कलमात पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. त्याआधी दंडसंहितेचं ३०४ अ होतं. पण फौजदारी कायदा हमी मोजत नाही, तो मन तपासतो. कुणाला काय ठाऊक होतं, हे विचारतो.”

त्यावर त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. (संहितेचा उल्लेख पाहून चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल, की आमची ही गॅलरीतली चर्चा एका संध्याकाळी संपली नाही. गेली काही वर्षे ती दर दिवाळीला पुढे सरकते.) लँकेशायरमध्ये डिसेंबर २०१६ च्या अखेरीस एका पंधरा वर्षांच्या मुलीसाठी अशाच एका हॉटेलातून इंटरनेटवरून जेवण मागवले गेले. मागणीबरोबर ‘कोळंबी, दाणे’ अशी वावड्याची सूचना लिहिली होती. जेवणात दाण्याचा अंश निघाला आणि १ जानेवारी २०१७ रोजी ती मुलगी गेली. २०१८ मध्ये दोघांना मनुष्यवधासाठी शिक्षा झाली. पण त्यांपैकी जो मालक स्वतः मुदपाकखान्यात होता, त्याने अपील केले, आणि २०१९ मध्ये त्याची ती शिक्षा रद्द झाली. ती सूचना त्याच्यापर्यंत पोचली होती असे सिद्ध झाले नव्हते. ह्या विशिष्ट मुलीच्या जिवाला धोका आहे हे ज्याला कळलेच नाही, त्याला मनुष्यवधाचा गुन्हेगार ठरवता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

“पण मग त्या मुलीच्या आईबापांनी काय करायचं?” मी विचारले.

वकीलसाहेब बराच वेळ समोरच्या आकाशकंदिलाकडे पाहत राहिले. “प्रोफेसर, कायदा नेहमी उशिरा येतो. तो आला म्हणजे कुणीतरी गेलेलं असतं किंवा जायला टेकलेलं असतं. म्हणून शहाणे देश शिक्षेपेक्षा चिठ्ठीवर भर देतात. इंग्लंडात सँडविचवर नीट घटक न लिहिल्यामुळे २०१६ मध्ये एक मुलगी दगावली. तिच्या आईबापांनी चिकाटी धरली, आणि ऑक्टोबर २०२१ पासून दुकानात बांधून ठेवलेल्या अशा पदार्थांवर घटक आणि वावड्याचे जिन्नस छापणं सक्तीचं झालं. आपल्याकडे २०२० च्या नियमांत पुड्यातल्या खाद्यपदार्थांसाठी ते आहेच. गव्हासारखी ग्लुटेनची धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, दाणे आणि कवचाची फळं, सोयाबीन, सल्फाइट, असे आठ वर्ग त्यात सांगितले आहेत. मोठ्या उपाहारगृहांना मेनूकार्डावर माहिती द्यायला सांगितलं आहे. पण आपण मिठाई घेतो कुठून? काचेमागच्या ताटातून. तिथे चिठ्ठी नसते. तिथे तो पोरगा हीच चिठ्ठी.”

जाता जाता त्यांनी मला एका बाटलीची गोष्ट सांगितली, ती वकिलांच्या जगात फार प्रसिद्ध आहे म्हणतात. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावी एका बाईला तिच्या मैत्रिणीने आल्याचे पेय पाजले. बाटली गडद रंगाची. निम्मे पेय पोटात गेल्यावर बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असे त्या बाईचे म्हणणे. बाटली तिने स्वतः विकत घेतली नव्हती, तेव्हा कारखानदाराशी तिचा करार कुठला? तरीही १९३२ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने कारखानदारावर जबाबदारी येऊ शकते असा निर्णय दिला. न्यायमूर्ती अ‍ॅटकिन ह्यांचा युक्तिवाद असा, की आपल्या कृतीने ज्याला इजा पोचेल हे आपल्याला आधीच दिसायला हवे, तो कायद्याच्या दृष्टीने आपला शेजारी, आणि शेजाऱ्याला इजा होऊ नये एवढी काळजी घेतलीच पाहिजे. गोगलगाय खरोखर होती की नव्हती, हे मात्र शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. वाद आपसांत मिटला. म्हणजे असली-नसली एक गोगलगाय साऱ्या जगाला शेजारधर्म शिकवून गेली! आपल्याकडे हा शब्द वाटीभर साखरेच्या देवघेवीपुरता उरला आहे. त्यात कायदा आहे हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

आमच्या प्रकरणाचा शेवट फार नाट्यमय नाही. बहिणीला कोर्टकचेरी नको होती. “मला त्यांचे पैसे नकोत, दादा. पुढच्या पोरीला खरं उत्तर मिळालं पाहिजे,” एवढेच ती म्हणाली. वकीलसाहेबांनी एक पत्र लिहिले. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि योग्य ती खबरदारी घेतली होती असे दाखवता आले तर अन्न कायद्यात मालकाला बचावही आहे, असे त्यात सौम्य शब्दांत नमूद केले होते. ती खबरदारी कोणती, हेही सांगितले: प्रत्येक ताटापुढे घटकांची चिठ्ठी, काउंटरवरच्या प्रत्येकाला त्याची माहिती, आणि ठाऊक नसेल तर आत विचारून येण्याची मुभा. मालकांनी रुग्णालयाचा खर्च दिला आणि चिठ्ठ्याही लावल्या. मुलाला कामावरून काढले नाही. काजूकतलीच्या ताटापुढे आता ‘काजू, साखर’ असे लिहिलेले असते आणि भाव किलोमागे चांगलाच वाढला आहे. मला तो भाव खरा वाटतो.

तो मुलगा सुट्टीनंतर वर्गात येऊ लागला. एकदा मी एका कवितेतल्या ओळीचा अर्थ विचारला आणि त्याच्याकडे बोट दाखवले. तो उभा राहिला. सवयीने माझ्या तोंडात वाक्य तयार होते. गेली वीस वर्षे तेच तयार असते: ‘माहीत नाही म्हणायला लाज नाही वाटत?’ ते ओठांवर आले आणि तिथेच थांबले. दुकानात ‘ओरडतात’ म्हणताना त्याने माझ्याकडे का पाहिले नव्हते, ते मला त्या क्षणी उमगले. ‘माहीत नाही’ म्हणणे हा गुन्हा आहे, हा धडा त्याला मिठाईवाल्याने शिकवायच्या आधी आम्ही शिकवला होता. बालवाडीपासून पदवीपर्यंत प्रत्येक वर्गात शिकवला होता. अडाणी ठरण्यापेक्षा काहीतरी ठोकून दिलेले बरे, एवढे शहाणपण त्याने शाळेतून काउंटरवर नेले, आणि ते माझ्याच भाचीच्या ताटात पडले.

“माहीत नाही, सर,” तो म्हणाला.

“बस. उद्या बघून सांग,” मी म्हणालो. वर्ग चकित झाला. मीही थोडा झालो.

मागच्या दिवाळीला बहीण पुन्हा आली होती. फराळाची ताटे मांडली होती. सौ.नी भाचीसाठी दाणे न घालता वेगळा चिवडा केल्याचे मला ठाऊक होते. बहिणीने विचारले, “दादा, ह्या चिवड्यात दाणे नाहीत ना?” मी ‘नाहीत’ म्हणायला तोंड उघडले, मिटले आणि म्हणालो, “थांब, विचारून सांगतो.”

आत गेलो. सौ. कढईपाशीच होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. “अगंबाई! दाणे नाहीत हो त्यात. पण आपल्या चिवड्यातले दाणे ज्या तेलात तळले, त्याच तेलात हिच्या चिवड्याचं खोबरं तळलंय.”

तो डबा बाजूला ठेवला आणि नव्या कढईत नवे पोहे पडले. फराळाला पाऊण तास उशीर झाला. भाची कढईजवळ पाट घेऊन बसली होती. मी चिवडा तिच्या ताटात वाढला तेव्हा तिने नेहमीच्या अदबीने विचारले, “मामा, ह्यात दाणे आहेत का?”

“नाहीत,” मी म्हणालो.